शब्दांचं माहेर

प्रश्न : लालबागला आमच्या घरी लग्न आहे. पत्रिका लिहिताना मुलीने विचारलं, ‘जाऊ’ हा शब्द ‘जाणे’वरून आला का? आणि मेहुणा, साडू कुठले?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ‘जाऊ’चा ‘जाणे’शी संबंध नाही. संस्कृतात नवऱ्याच्या भावाच्या बायकोला ‘यातृ’ म्हणत. ‘य’चा ‘ज’ होऊन आपली जाऊ आली. या शब्दाची भावंडं जुन्या ग्रीक आणि लॅटिनमध्येही आहेत. एकाच घरात नांदायला आलेल्या दोघींच्या नात्याला इतक्या लांबवर स्वतंत्र नाव होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मेहुण्याचं मूळ ‘मैथुन’, म्हणजे जोडप्याशी, लग्नाशी संबंधित. ऐकून दचकू नका. कुळाचाराला नवराबायकोला जोडीने जेवायला बोलावतो, त्यांना आपण ‘मेहूण’ म्हणतोच की! साडू आला ‘श्यालीवोढृ’वरून : श्याली म्हणजे मेहुणी, तिच्याशी लग्न करणारा तो वोढा. नणंद ‘ननान्दृ’, दीर ‘देवर’, सून ‘स्नुषा’. इथे फार शोधावं लागत नाही. माहेर मात्र ‘मातृगृह’, आईचं घर. वडिलांच्या नावावर असलं तरी!

हल्ली दादर-पार्ल्याच्या हॉलमध्ये जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी सगळ्यांची ओळख ‘सिस्टर-इन-लॉ’ अशीच करून देतात. चार वेगळी नाती त्यात कालवली जातात. तुमच्या पत्रिकेत ती नावं मराठीतच छापा.