वळकटीसारखी फिरणारी हवा आणि एका वडिलांचा प्रश्न

स. न. वि. वि.

आपली कन्या बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहताना ढगांच्या समांतर रांगांनी तिला विचारात पाडले आणि आता तिला जमिनीलगतच्या हवेतील भोवऱ्यांचाच अभ्यास करायचा आहे, असे आपण लिहिले आहे. यातून पोट भरेल का आणि तिने आताच अभियांत्रिकीकडे वळावे का, हे आपले दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो : वळू नये.

तिने पाहिलेल्या रांगा हाच या विषयाचा गाभा असू शकतो. दिवसा तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते. तिला वाऱ्याची जोड मिळाली, की ती अनेकदा वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या आडव्या वळकट्यांसारखी फिरू लागते. शेजारशेजारच्या वळकट्या उलट दिशांनी फिरतात. जिथे दोघींची चढती बाजू एकत्र येते तिथे ढग धरतात आणि उतरत्या बाजूला आकाश मोकळे राहते. हे सारे घडते तो सीमास्तर, म्हणजे जमिनीला लागून असलेला हवेचा थर, दुपारी साधारण एक-दोन किलोमीटर उंच असतो आणि रात्री आकसून काहीशे मीटरांवर किंवा त्याहूनही खाली येतो, म्हणूनच हिवाळ्यातल्या पहाटे शहराचा धूर जमिनीलगत कोंडतो. डोंगरांच्या वाताश्रयी, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या, बाजूला तर याहून उग्र भोवरे तयार होतात. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला ओवेन्स खोऱ्यात 2006 च्या मार्च-एप्रिलमध्ये विमाने, रडार आणि लायडार (लेसरच्या प्रकाशाने हवेची हालचाल टिपणारे उपकरण) लावून त्यांचा मागोवा घेतला गेला, कारण असे भोवरे विमानांना धोकादायक ठरतात.

हा विषय हवामानाचा अंदाज वाचून दाखवण्याचा नाही, हे आपण मनाशी पक्के करावे. टर्ब्युलन्स, म्हणजे हवेची अनियमित खळबळ, हा भौतिकशास्त्रातला अजूनही न सुटलेला प्रश्न आहे. सॉनिक अ‍ॅनिमोमीटर हे ध्वनिलहरींनी वारा मोजणारे यंत्र वाऱ्याचा वेग सेकंदाला दहा-वीस वेळा नोंदवते. त्या नोंदींतून उष्णता आणि बाष्प किती वर गेले हे काढायला संख्याशास्त्र, आंशिक विकलक समीकरणे आणि पायथॉन ही संगणकभाषा यांवर हात बसलेला असावा लागतो. बी.एस्सी.त फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रव आणि वायूंच्या गतीचे शास्त्र, फार थोडे शिकवले जाते, याची मला मनापासून खंत आहे. ते तिला स्वतःच भरून काढावे लागेल.

पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात एम.एस्सी. करता येते, किंवा जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत भौतिकशास्त्राची एम.एस्सी. करता येते. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण त्यात पाया रुंद राहतो आणि मन बदलले तरी वाट बंद होत नाही. त्यानंतर पीएच.डी.साठी पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा विचार करावा. पाषाणच्या संस्थेने महाबळेश्वरात मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली आणि 2015 च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास चालवला. धुके म्हणजे सीमास्तराचाच खेळ आहे.

पोटाचे म्हणाल, तर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून संशोधनासाठी मिळणारी जेआरएफ शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, म्हणजे पीएच.डी.च्या काळात तिचा भार आपल्यावर पडणार नाही. मात्र एम.एस्सी. धरून सात-आठ वर्षे लागतील आणि वैज्ञानिकांच्या कायम जागा थोड्या असतात, हे मी लपवणार नाही. पवनऊर्जा आणि हवाप्रदूषणाचे मॉडेलिंग या क्षेत्रांतही हे कौशल्य लागते : पुढच्या पवनचक्कीने ढवळलेली हवा मागच्या पवनचक्कीची वीज घटवते आणि पात्यांवर ताण आणते, आणि चाळकेवाडीसारख्या चढउताराच्या पठारावर तो हिशेब आणखी अवघड होतो.

या उन्हाळ्यात तिला दोन महिने प्रवाहाची गती सांगणारी नेव्हियर-स्टोक्स समीकरणे आणि वाऱ्याच्या नोंदींच्या एखाद्या खुल्या संचाशी झुंजू द्यावे. त्यानंतरही तिची ओढ टिकली, तर तिसऱ्या वर्षात जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात; तेव्हा तिला अर्ज भरू द्यावा आणि आपण तिच्या पाठीशी उभे राहावे.