निपाणीच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे, चेअरमनच लगट करतात. तक्रार कुठे करू?

थेट बेळगावच्या जिल्हा स्थानिक समितीकडे करा. संचालकांपुढे गाऱ्हाणं मांडत बसू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे तक्रार मालकाविरुद्ध (इथे चेअरमन) असेल, किंवा कामाला दहापेक्षा कमी माणसं असतील, तर चौकशी हीच समिती करते. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे (अशा तक्रारी घ्यायला नेमलेला अधिकारी) अर्ज दिलात तरी त्यांनी तो ७ दिवसांत पुढे पाठवायचा असतो. अर्जाच्या ६ प्रती, साक्षीदारांची नावं आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा (ते आजच घरच्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा). इथली सरकारी दफ्तरं बघता मराठी अर्जासोबत कन्नड प्रत द्या, म्हणजे सबब उरत नाही. मुदत मात्र शेवटच्या प्रकारापासून ३ महिने. उशिराचं कारण समितीला पटलं, तरच आणखी ३ मिळतात. चौकशी संपेपर्यंत बदली किंवा रजाही मागता येते.