नेगुरा बुंजेतमधलं 'अध्यात्म' नेमकं कुठं आहे (उत्तर लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी डोकेदुखी लगेच ओळखीची वाटली, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमची अडचण मला समजली ती अशी: रोमानियाच्या नेगुरा बुंजेत या ब्लॅक मेटल बँडचा 'ओम' हा अल्बम ब्लूटूथ स्पीकरवर लावला, तर गदारोळ आणि मधूनच बासरी एवढंच हाती लागलं. मग गाण्यांचे शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकले, तर काहीतरी भुताटकी बाहेर आली. आता प्रश्न तीन. हे सैतानपूजक आहेत का, 'ओम' म्हणजे आपला ओंकार का, आणि पुढे काय ऐकावं. ब्लॅक मेटल (रॉकचा कर्कश, वेगवान प्रकार) आणि ब्लास्ट बीट (ड्रम्सवरचा अतिवेगवान सलग मारा) यात जास्त शिरत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. सैतान इथं नाही. पश्चिम रोमानियातल्या तिमिश्वारा शहरात 1990च्या दशकाच्या मध्याला हा बँड उभा राहिला तो ड्रमर नेग्रु आणि गायक-गिटारिस्ट हुपोग्रामोस यांच्यामुळे. सोल फाउर हा दुसरा गिटारिस्ट नंतर आला. वाजवण्याची रीत त्यांनी नॉर्वेच्या ब्लॅक मेटलकडून उचलली, विषय मात्र रोमानियाच्या डोंगरांतले घेतले. आणि रोमानियन भाषेत 'ओम' म्हणजे माणूस. ओंकार धरून ऐकायला बसलात तर अल्बमभर नसलेल्या गोष्टी ऐकू येतील.

आता खरा मुद्दा. सगळ्यात महागात पडते ती भाषांतराची चूक, आणि ती एकटी येत नाही. या बँडच्या शब्दांत जुनी, बोलीतली रूपं खच्चून भरलेली आहेत, काही तर आजच्या रोमानियन माणसालाही कोशात बघावी लागतात. ॲपला शब्द सापडला नाही की ते जवळचा दिसेल तो शब्द बसवतं. ओळींना धड क्रियापद नसतं, त्यामुळे कर्ता-कर्मही उलटे होतात. मग 'रात्र', 'रक्त', 'खाली' असले सुटे शब्द उरतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी गुप्त विधी चाललाय.

इथून पुढची पायरी जास्त वाईट. तेच शब्द शोधत माणूस 'प्राचीन डेशियन धर्म' (डेशियन म्हणजे रोमन येण्याआधी आजच्या रोमानियात राहणारे लोक) समजावून सांगणाऱ्या पानांवर पोचतो. अशा एका संकेतस्थळाचं नाव घेत नाही, पण तिथं देवांची उतरंड, सणांचं पंचांग, मंत्र, दीक्षेच्या पायऱ्या, सगळं छापील कोष्टकासारखं मांडलेलं आहे. आधार विचारला की उत्तर येत नाही, किंवा 'हे ज्ञान मौखिक आहे' एवढंच येतं. या पानांनी कितीतरी चांगल्या श्रोत्यांचे महिनेच्या महिने खाल्ले आहेत. बँडच्या एका ओळीचाही उलगडा त्यातून होत नाही, आणि वर आपल्याला सगळं कळलं असा समज होतो. मला याचा मनापासून राग आहे, म्हणून थोडं ताणतो, माफ करा.

डेशियन लोकांच्या धर्माबद्दल आज हातात आहे ते एका बैठकीत वाचून होतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या चौथ्या पुस्तकात 93 ते 96 हे परिच्छेद: गेटी लोक (डेशियनांचे सख्खे नातलग) स्वतःला अमर मानतात, मेलेला माणूस झाल्मोक्सिस या त्यांच्या देवाकडे जातो असं समजतात, दर पाच वर्षांनी चिठ्ठीनं निवडलेला एक दूत भाल्यांच्या टोकांवर फेकून त्याच्याकडे धाडतात, आणि मेघगर्जना झाली की आभाळाकडे बाण सोडतात. त्याच ठिकाणी, झाल्मोक्सिस जमिनीखालच्या घरात तीन वर्षं राहिला आणि चौथ्या वर्षी परत दिसला, ही ग्रीकांकडून ऐकलेली कथा आहे, आणि हेरोडोटस स्वतः तिच्यावर पूर्ण विश्वास टाकत नाही. प्लेटोच्या एका संवादात झाल्मोक्सिसच्या वैद्यांचा उल्लेख येतो, आत्म्याकडे न बघता शरीर बरं करू नये असं म्हणणारे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोकडे पवित्र पर्वत कोगायोनन. बस. डेशियन भाषेतला एकही धर्मग्रंथ नाही. सार्मिझेजेतुसा या डेशियन राजधानीत सापडलेल्या एका मोठ्या मडक्यावर लॅटिन अक्षरांतले दोन ठसे आहेत, 'डेसेबालुस पेर स्कोरिलो', आणि त्या तीन शब्दांच्या अर्थावरसुद्धा विद्वान भांडतात. ज्यांचं लिखाण इतकंच उरलंय त्यांचं पंचांग कुणी तारखांसह देत असेल तर ते रचलेलं आहे.

याला राजकारणाचीही बाजू आहे. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कुच्या काळात डेशियन पूर्वजांचा गौरव हा सरकारी कार्यक्रम होता. 1980 साली डेशियन राजा बुरेबिस्ताच्या राज्याला 2050 वर्षं झाली म्हणून देशभर सोहळा झाला. आजच्या त्या पानांवरचा बराच माल तिथून झिरपलेला आहे. बँडच्या एका गाण्याचं नावच 'डाचिया हिपेरबोरेआना' आहे (डाचिया म्हणजे डेशियनांचा देश), त्यामुळे ते या वातावरणापासून अगदी अलिप्त होते असं मी म्हणणार नाही. पण गाणं म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे, एवढी खूणगाठ बांधून ठेवा. रोमानियन धर्म-अभ्यासक मिर्चा एलियाद यांनी झाल्मोक्सिसवर लिहिलंय ते जरूर वाचा, आधी हेरोडोटस मात्र. एलियाद 1928 ते 1931 भारतात होते, कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकले. त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला सगळीकडे योग आणि उपनिषदं दिसू लागतात. तो मोह टाळा.

मग अध्यात्म आहे कुठं? माझ्या मते (मत आहे, पटलं नाही तर सोडा) ते वाद्यांत आणि झाडांत आहे. सुरुवात 'त्वाका'पासून करा. ही लाकडाची लांब फळी. ऑर्थोडॉक्स मठात साधू ती एका हातानं खांद्याशी धरून दुसऱ्या हातातल्या लाकडी हातोडीनं वाजवत चालतो; टांगलेली मोठी फळी असेल तर दोन हातोड्या. प्रार्थनेची हाक हीच. सावकाश सुरू होते, ठोके जवळजवळ येत वेग वाढतो, मध्यभागी जाड आवाज आणि टोकाकडे पातळ. हा आकार कानात बसला की नेग्रुच्या ड्रम्समध्ये तो ओळखू यायला लागतो: झांजांखाली कोरडे लाकडी ठोके दाट होत जातात आणि मग ब्लास्ट बीट येतो. आधी प्रत्यक्ष मठातली त्वाका ऐका, पाचेक मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरे, मग अल्बम लावा. आता ही ख्रिस्ती मठाची फळी डेशियन पर्वताच्या संगीतात कशी, असं विचाराल. तिथल्या खेड्यात या दोन गोष्टी वेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या नाहीत, आणि बँडनंही त्या वेगळ्या केल्या नाहीत. डेशियन शुद्धतेच्या पानांना हेच सहन होत नाही.

दुसरं 'तुल्निक'. आपल्या तुतारीसारखं पण सरळ आणि लाकडी, दीड ते तीन मीटर लांब. लाकूड उभं चिरून दोन अर्धी आतून कोरतात, पुन्हा जोडून कड्यांनी आवळतात. भोकं नाहीत, त्यामुळे फक्त नैसर्गिक स्वरमालिका निघते आणि सूर पियानोशी तंतोतंत जुळत नाहीत. तुम्हाला 'बेसूर हॉर्न' वाटलं असेल तर कारण हे. पश्चिम रोमानियातल्या आपुसेनच्या डोंगरात हे वाद्य मुख्यतः बायका वाजवतात. 'झी' या अल्बमचं पहिलं गाणं, 'तुल-नि-क-रन्द', नावापासूनच या वाद्याचं आहे. बासरी ऐकलीत ती कुठं धनगरी 'काव्हाल' असते (लांब, पाच भोकांची, धुरकट आवाजाची), कुठं 'नाय', म्हणजे नळ्या जोडलेली. दोन्हींत फरक सोपा: काव्हालमध्ये फुंकरीची घरघर ऐकू येते, नायचा सूर स्वच्छ तुटतो.

तिसरं फरचं झाड. 'न् क्रुगु ब्रादुलुय' (2002) या अल्बमच्या नावातला 'ब्राद' तोच. रोमानियातल्या बानात आणि नैर्ऋत्य ट्रान्सिल्वेनियाकडच्या खेड्यांत तरुण माणूस लग्नाआधी गेला तर त्याच्यासाठी डोंगरातून फर तोडून आणतात, सजवतात, कबरीशी उभं करतात, आणि बायका फरला उद्देशून गाणं म्हणतात. मरण हे तिथं झाडाशी, डोंगराशी लावलेलं लग्न. 'मियोरित्सा' या लोकगीतातही तेच आहे: दोघं मेंढपाळ आपल्याला मारणार हे कळल्यावर तिसरा सूड घेत नाही, मला वाड्याजवळ पुरा, उशाशी पावा ठेवा, आणि माझं लग्न झालं असं सांगा म्हणतो. या लग्नात सूर्य-चंद्र मुकुट धरतात, फर आणि मेपल वऱ्हाडी. हे एक गीत नीट वाचलंत तर ॲपनं काढलेल्या शंभर ओळींपेक्षा जास्त हाताला लागेल.

आता ऐकण्याची तयारी, कारण निम्मी गडबड तिथं आहे. या संगीतात गिटारचे थर डावीकडे-उजवीकडे लांब पसरलेले असतात आणि कीबोर्ड मागे. एकाच पेटीतला ब्लूटूथ स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करतो. त्यात काही कंपनं एकमेकांना मारतात, गिटार बुळबुळीत होते आणि झांजा तेवढ्या पुढे येतात. तुम्हाला ऐकू आलेला गदारोळ तो. साधे वायरचे हेडफोन चालतील. गाणी वाजवायच्या ॲपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड शून्य, आवाज समान करणारी सोय बंद, बास वाढवणारा इक्वलायझर बंद. आवाजाची पातळी सुरुवातीच्या शांत भागावर ठरवू नका. 'त्सेसारुल दे लुमिन' हे 'ओम'मधलं बारा मिनिटांहून मोठं गाणं आहे. त्याचा शेवटाकडचा भरलेला भाग लावून आवाज कानाला सोसेल तिथं ठेवा, मग अल्बम पहिल्यापासून सुरू करा. उलटं केलंत तर शेवटी कान दुखतील, तुम्ही आवाज कमी कराल आणि पुढचे शांत तुकडे हरवतील. पहिल्या ऐकण्यात गायकाकडे लक्ष देऊ नका, फक्त ड्रम्स धरा. आणि शब्द मिटून ठेवा.

क्रम. 'ओम' (2006) तूर्त बाजूला ठेवा, तो तासाभराहून मोठा आहे आणि त्यात बरेच छोटे वातावरणाचे तुकडे आहेत, सुरुवातीला वाट चुकते. 'न् क्रुगु ब्रादुलुय' आधी घ्या: चारच गाणी, नावं नाहीत, फक्त रोमन आकडे, वर्षाचे चार ऋतू. एका बैठकीला एक गाणं. मग 'ओम'. 'मायास्त्रु स्फेत्निक' (2000) खडबडीत आहे, त्याचं नव्यानं ध्वनिमुद्रण 2010 साली 'मायेस्त्रित' नावानं आलं. विकत घेताना दोन्हींत गल्लत करू नका, दुकानदार सर्रास करतात.

2009 साली हुपोग्रामोस आणि सोल फाउर बाहेर पडले, नाव नेग्रुकडे राहिलं. हे माहीत नसलं की 'ओम' आवडलेला माणूस पुढचा अल्बम घेतो आणि खट्टू होतो. त्या दोघांनी 'दोर्देदुह' काढला. 'ओम'ची वाट पुढे कुठं गेली हे बघायचं तर त्यांचा 'दार दे दुह' (2012) ऐका. नेग्रुची वाट वेगळी झाली, वाईट नव्हे. त्याची ट्रान्सिल्वेनियावरची तीन अल्बमांची मालिका क्रमानंच ऐका: 'तउ' (2015), 'झी' (2016), 'झउ' (2021). 'तउ'मध्ये 'इझ्बुकुल गाल्बेनेय' हे गाणं आहे, तो आपुसेनमधला खराखुरा झरा, चुनखडीच्या डोंगरातून फुटणारा. 'झी'मधला 'बाचु मोश्न्याग' म्हणजे म्हातारा मुख्य मेंढपाळ. नेग्रु मार्च 2017 मध्ये गेला, वय 42. त्यानं वाजवून ठेवलेल्या ड्रम्सवर बाकीच्यांनी 'झउ' पुरा केला. त्याचं पहिलं गाणं 'ब्राद' आणि शेवटचं 'त्वाका दिन चेर', म्हणजे आकाशातली त्वाका. वर फळी आणि फरबद्दल एवढं का लिहिलं ते इथं कळेल.

एक जोडटीप. सार्मिझेजेतुसाला कधी गेलात तर तिथल्या मोठ्या गोल पूजास्थानातले लाकडी खांब बघून भारावू नका, ते आधुनिक काळात उभारलेले आहेत. दगडी भाग बघा, आणि अँडेसाइट या ज्वालामुखी दगडाचा तो सपाट 'सूर्य'.

आणि शोधताना: बँड जुनं शुद्धलेखन वापरतो, म्हणजे आय अक्षरावर टोपी. 2010च्या अल्बमच्या नावात, 'व्हर्स्तेले पमंतुलुय'मध्ये, ही टोपी दोनदा येते. आजच्या नियमानं तिथं ए वर टोपी लागते, त्यामुळे काही दुकानांच्या यादीत एका रूपानं सापडत नाही. दोन्ही रूपं टाका, नाही मिळालं तर सगळ्या टोप्या काढून टाका. बँडचं नाव विचारताना 'बुंगेट' नव्हे, 'बुंजेत' म्हणा.