३१ मे आणि तुझा व्हिसा

प्रिय मैत्रिणी,

नव्या शाळेची ऑफर आली, छानच झालं. पण ‘उद्या सकाळीच राजीनामा टाकते’ हे वाक्य वाचलं आणि म्हटलं, फोनवर नको, नीट लिहावंच.

तुझा ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा (नोकरीसाठी मिळणारा) आहे तुझ्या नावावर, पण तो त्या एका शाळेपुरता आणि त्या एका कामापुरता. शाळा बदलायची तर नव्या शाळेकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला नोकरीवर घेण्याचा सरकारी परवाना) हवं, तिने तुला नवं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (त्या नोकरीचा, व्हिसासाठीचा दाखला) द्यायला हवं, त्यावर तू नव्याने अर्ज करायचास आणि मंजुरी आल्यावरच तिथे शिकवायला उभं राहायचं. अमेरिकेतला तुझा भाऊ सांगतो ते, ‘अर्ज पोचला की कामाला लाग’, तिथल्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर कंपनी बदलताना खरं आहे. इंग्लंडमध्ये तसं केलंस तर ते बेकायदा काम ठरेल.

खरी गोची आहे ती तारखांची. सप्टेंबरपासून नवी शाळा हवी, तर बहुतेक सरकारी शाळांत ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो आणि नोकरी ३१ ऑगस्टला संपते. व्हिसाचा अर्ज मात्र नवी नोकरी सुरू होण्याच्या फार तर ३ महिने आधी करता येतो. म्हणजे राजीनामा आधी आणि व्हिसा नंतर, हे टळत नाही. म्हणूनच राजीनाम्याआधी नव्या शाळेचं नाव सरकारच्या स्पॉन्सर यादीत स्वतः शोध (ती कुणालाही बघता येते) आणि सर्टिफिकेट कधी देणार ते लेखी घे. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ घेऊ नकोस.

मी तेच घेतलं होतं. सर्टिफिकेट जुलैच्या शेवटी हातात आलं. ब्रिटनमध्ये राहून केलेल्या अर्जाचा निकाल साधारण ८ आठवड्यांत येतो, हिशेब तूच कर. १ सप्टेंबरला नव्या शाळेच्या एचआरच्या बाईंचा फोन: “व्हिसा आहे ना तुझ्याकडे? मग ये की.” त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं आणि जवळजवळ महिनाभर बिनपगारी घरात बसले, माझ्या वर्गाला दुसरंच कुणी शिकवत होतं. बसण्यापेक्षा भारतात जाऊन यावं म्हणून तिकीटही बघितलं. नशीब, एका सहकाऱ्याने अडवलं: निकालाआधी ब्रिटन सोडलं की अर्ज मागे घेतला असं धरतात.

जूनमध्ये अर्ज केलास तर निकाल येईपर्यंत जुन्या शाळेत शिकवता येतं, पगारही चालू राहतो. आरोग्य अधिभार (व्हिसाच्या अर्जासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) पुन्हा भरावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेव.

नवी शाळा तुझ्याच ट्रस्टची (अनेक शाळा चालवणाऱ्या एकाच संस्थेची) असेल, लायसन्स ट्रस्टच्या नावावर असेल आणि काम तेच असेल, तर बहुधा नवा अर्जच लागत नाही. पण तू माध्यमिकवरून प्राथमिकला जाते आहेस ना? मग व्हिसाच्या नियमांतला कामाच्या प्रकाराचा कोड बदलतो, आणि अर्ज आलाच.

तेव्हा उद्या सकाळी राजीनामा नको, नव्या शाळेच्या एचआरला मेल टाक. उत्तर आलं की मला पाठव, ३१ मेला अजून वेळ आहे.

तुझी,
ताई