परत कधी जातलंस?

प्रिय मुली,

तुझं दोन अंकी नाटक काल रात्री वाचलं. सावंतवाडी तुला आतून माहीत आहे, हे पहिल्याच पानावर कळतं. मोती तलाव आणि चितारआळीतली लाकडी खेळणी मात्र जरा कमी कर. तिथे वाढलेला माणूस तलावाचं वर्णन करत बसत नाही, काठाकाठाने घरी जातो.

अडचण नायकाची आहे. गावी परत आला की पडवीत उभा राहून पाच मिनिटं आठवणी सांगतो. ऐकायला आहे कोण? वहिनी आत भाकऱ्या थापतेय. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळून घेणारी, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलेली ती बाई. तिला तू अख्ख्या अंकात चार वाक्यं दिलीस, त्यातली दोन चहाची!

त्याला काहीतरी काम दे. सातबारावर वारसांची नावं लावायची आहेत, तलाठ्याकडे खेपा घालायच्या आहेत, असं. कोकणात गुंठाभर जमिनीलाही सहहिस्सेदारांची रांग असते, त्यातले निम्मे मुंबईत. नाव लागणार दोघा भावांचं, वहिनीचं नाही. हे कुणी बोलून दाखवू नये. तो कागद खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांशेजारी नुसता पडलेला दिसू दे.

माझे काका 1982 च्या गिरणी संपानंतर गावी आले, ते कायमचेच. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. एसटीने, एक ट्रंक घेऊन आले. अंगात पहिल्या पाळीची सवय. पहाटे दाढी-आंघोळ उरकून तयार, जायचं मात्र कुठेच नाही. चार-सहा दिवस बघून काकूने मुकाट्याने डबा भरायला घेतला. काका तो घेऊन काजूच्या बागेत जायचे, घरापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी तिथेच जेवायचे. कितीतरी महिने असं चाललं. वाटेत भेटेल तो विचारायचा, "कधी इलंस? परत कधी जातलंस?" चाकरमान्याला विचारायचा नेहमीचाच प्रश्न, त्यात दुष्टावा नव्हता. काका म्हणायचे, "बगूया."

तुझ्या नायकाला हा प्रश्न एकदाच येतो आणि तो दीड पान उत्तर देतो. ते काढून टाक. आधी रिक्षावाल्याला विचारू दे, मग पोस्टमनला, आणि शेवटी, ताट वाढताना, वहिनीला. तेव्हा तो काय म्हणेल ते मला सुचलेलं नाही. तू लिहून पाठव. जमलं तर गणपतीआधी. नंतर घर माणसांनी भरतं, वाचणं होत नाही.

तुझा,
काका