आधी कोपरा सोड, मग स्पीकर बदल
भाऊ, डग्गा घुमतोय म्हणून लगेच नवे स्पीकर घ्यायला जळगाव गाठू नकोस. कोपऱ्यातला स्पीकर खर्ज फुगवतोच. भिंतींपासून 2 फूट पुढे ओढ. समोरासमोरच्या भिंतींत 10 फूट अंतर असेल, तर साधारण 56 हर्ट्झचा सूर खोलीच वाढवते, त्यात स्पीकरचा काय दोष? जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांना मातीच्या भिंती होत्या, त्या आवाज थोडा शोषायच्या. आता स्लॅब नि गुळगुळीत फरशी आवाज परत फेकतात, म्हणून झांज कानात टोचते. एखादी गोधडी टांगून बघ.

मी धुळ्याच्या दुकानात भुललो होतो: जी जोडी जरा मोठ्यानं वाजली, तीच आवडली! तुलनेला आवाज सारखा ठेव. आणि घरच्या कुणाचं तरी बोलणं रेकॉर्ड करून वाजव. ते नाकातून आल्यासारखं वाटलं, तर स्पीकर मधल्या सुरांत स्वतःचा रंग मिसळतोय, म्हणजे ते बिघडवतोय.