स्कॉटलंडमधल्या शेतात पडलेला दगडी डाइक सिमेंटशिवाय परत कसा रचायचा?

तुमच्या प्रश्नावरून समजतंय ते असं: मेंढ्यांच्या कुरणाचा डाइक, म्हणजे सिमेंट-चुन्याशिवाय नुसत्या दगडांनी रचलेली कुंपणभिंत, दोन मीटर ढासळलाय, मालकाने तो तुमच्यावर सोपवलाय, आणि थोडं सिमेंट घालून भागेल का असं तुम्ही विचारताय. सिमेंट अजिबात घालू नका. डाइक कोरडा असतो म्हणूनच टिकतो. पाणी त्यातून निथळून जातं आणि जमीन थोडी खचली तरी दगड सरकून पुन्हा बसतात. सिमेंटमागे पाणी कोंडतं, थंडीत गोठून फुगतं आणि भिंत फोडतं. कोकणात गडगा रचताना पाहिला असेल, तर निम्मं काम तुमच्या ओळखीचं आहे.

हात लावण्याआधी फटींमध्ये घरटी आहेत का ते बघा. मार्च ते ऑगस्ट रेन, व्हीटइअर असे पक्षी तिथे अंडी घालतात, आणि वापरात असलेलं घरटं मोडणं 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरटं असेल तर तात्पुरती जाळी लावून थांबा.

खिंडाराला इथे 'स्लॅप' म्हणतात. पडलेले दगड उचलून लगेच रचायला घेऊ नका. दोन्ही कडांचा फुगलेला, सैल भागही उतरवा, पक्की भिंत लागेपर्यंत, आणि कडा पायऱ्यांसारख्या सोडा. त्यामुळे दोन मीटरचं काम सहज तीन मीटर होतं, ते धरूनच चला. एका मीटरला साधारण दीड टन दगड लागतो. माथ्याचे दगड सगळ्यात दूर, मग तोंडाचे म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या बाजूंना दिसणारे, आणि पोटात भरायच्या चिपांचे ढीग वेगळे ठेवा. भिंतीलगत दोन फूट जागा पाय ठेवायला मोकळी हवी.

पायासाठी गवत-माती काढून घट्ट जमिनीपर्यंत जा. सगळ्यात मोठे दगड तिथे. रुंदी खाली 70 ते 75 सेंटिमीटर, माथ्याखाली 35 च्या आसपास. मधला ढाळ शेजारच्या उभ्या भिंतीवरून दोरी ताणून घ्या. दोन्ही तोंडं बरोबरीने वर न्या.

थर रचताना सांधमोड सांभाळा: एका दगडावर दोन, दोनांवर एक. दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे. लांब दगड भिंतीच्या लांबीला धरून लावला की तोंड झटपट भरतं, देखणंही दिसतं, पण तो काही वर्षांत बाहेर लोटला जातो. नवख्या हातांची हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. दुसरी चूक पोटाची. बहुतेक डाइक पोटातून पडतात. दोन तोंडांमधली पोकळी प्रत्येक थराला चिपांनी भरायची, एकेक चीप हाताने बसवून. फावड्याने खडी किंवा माती ओतली तर माती पावसात वाहून जाते, खडी खाली सरकते, वर पोकळी राहते आणि भिंत फुगते. दगड डुगडुगत असेल तर पाचर आतून मारा. बाहेरून मारलेली निसटते.

सुमारे 55 सेंटिमीटर उंचीवर आरपार दगड टाका, मीटरभर अंतराने. दोन्ही तोंडांना तेच बांधून ठेवतात. मग माथ्यापर्यंत रचून वर चपटे दगड आडवे, आणि त्यांवर माथ्याचे दगड उभे, एकमेकांना घट्ट टेकवून. शेवटी पाचरी ठोका. एकही हलता कामा नये, कारण ब्लॅकफेस जातीची मेंढी उडी मारते ती तिथेच.

नैऋत्य स्कॉटलंडच्या गॅलोवे भागात असाल तर शेजारची भिंत नीट बघा. तिथल्या जुन्या डाइकचा वरचा भाग एकेरी असतो आणि त्यातून उजेड दिसतो. ते काम अर्धवट राहिलेलं नाही. आरपार दिसणाऱ्या, डळमळीत वाटणाऱ्या भिंतीवर मेंढी चढायला बिचकते, आणि फटींतून वाराही गाळून जातो. तिथे चिपा भरून भिंत 'सुधारू' नका, होती तशीच रचा.

कसलेला माणूस दिवसाला तीनेक मीटर रचतो. तुम्ही चार दिवस धरा. पोलादी टोकाचे बूट घाला आणि दगड फोडताना चष्मा लावा. उरलेले दगड भिंतीच्या पायाशी टाकू नका, मेंढ्यांना ती आयती पायरी होते.